सायकलवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या दारात एक जुनी सायकल उभी असते. ती बहुधा दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या धन्याच्या हातची असते. भंगारवाल्याकडून किंवा सुरत सोडून खानदेशात परत निघालेल्या एखाद्या कामगाराकडून ती थोडक्या पैशांत घेतलेली असते. मग सुटीच्या दिवशी अंगणात जुने पोते पसरून बापलेक तिच्या दुरुस्तीस बसतात. चेन उतरवून रॉकेलमध्ये भिजत पडते, पॉलिश कागदाने रिमवरचा गंज घासला जातो, चाकाच्या मध्यातून निघालेले छर्रे एका वाटीत मोजून ठेवले जातात. संध्याकाळी ती सायकल गल्लीतून एक फेरी मारून येते, तेव्हा सकाळचे ते लोखंडाचे मोडके सामान हेच होते काय, असा प्रश्न पडावा.

हे काम हलके आहे असे मानणारी मंडळी शिकल्यासवरल्या घरांतही आढळतात. वडिलांनी शाळेत येताना हाताचे काळे डाग घासून काढून यावे, असा हट्ट धरणारी मुले आम्ही पाहिली आहेत. अशा मुलांकरिता आणि त्यांच्या वडिलांकरिताही एका मोठ्या पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव नांगर आणि पंप यांमुळे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. पण त्यांच्या उद्योगाचा पहिला फलक लागला तो सायकलीच्या दुकानावर. चरित्रकार हे प्रकरण बहुधा दोन ओळींत आटोपून नांगराकडे वळतात. आम्हांस मात्र त्या दोन ओळींपाशी थोडे थांबावेसे वाटते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी रंगभूमीवर १८८० साली संगीत शाकुंतल आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे व त्याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदांताचे अभ्यासक होते. मुलाने पुस्तकी विद्येत नाव काढावे, ही त्यांची इच्छा त्या काळच्या रीतीस धरूनच होती. परंतु या मुलाचे लक्ष पाठांतरात रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे, या दोन गोष्टींचा मात्र त्याला मनापासून नाद होता. घरातील वडीलधाऱ्यांची नाराजी पत्करून आणि थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांच्या पाठबळावर तो १८८५ साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तेथे दोन वर्षे गेल्यावर एक विलक्षण अडचण उघडकीस आली. लक्ष्मणरावांच्या दृष्टीला काही रंगांतील भेद नीट कळत नव्हता. रेषा उत्तम, प्रमाण उत्तम, पण रंग चुकत. हा दोष जन्मजात असतो, अभ्यासाने तो जात नाही. चित्रकार होण्यासाठी ज्याने घर सोडले, त्याला अठराव्या वर्षी हे कळावे, याहून मोठी निराशा कोणती? आमच्या वर्गात एका विषयात नापास झालेला मुलगा आठ दिवस मान वर करीत नाही. येथे तर ज्याच्यासाठी वडिलांची मर्जी मोडली तो मार्गच बंद झाला होता.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची चित्रे काढण्यास रंगाची गरज नसते. तेथे माप, कोन आणि अचूक रेघ एवढेच लागते. त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास केला आणि मुंबईत १८८७ साली निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांना जागा मिळाली. आज ही संस्था माटुंग्यास असून वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. शिकविण्याची वेळ संपली की ते संस्थेच्या कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष यंत्रे चालविण्यास, उघडण्यास आणि दुरुस्त करण्यास शिकत. कागदावर यंत्र काढणारे शिक्षक पुष्कळ असतील. ते यंत्र हाताने उघडून पाहणारे त्या काळी थोडे होते, आणि पांढरपेशा घरातले तर फारच थोडे.

याच सुमारास सायकल त्यांच्या दृष्टीस पडली. आज आपल्याला सायकलीचे नवल वाटत नाही, म्हणून त्या वेळची स्थिती सांगणे जरूर आहे. त्याआधीच्या सायकलींचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे, मागचे अगदी लहान. स्वार वर चढून बसे आणि पडला तर डोक्यावर पडे. इंग्लंडातील कोव्हेंट्री शहरी जॉन केम्प स्टार्ले याने १८८५ साली दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली आणि चेनने मागचे चाक फिरविणारी सायकल तयार केली. आपल्या दारातल्या सायकलीची ती पणजी म्हणावयास हरकत नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेले रबरी टायर बनविले. तोवर टायर भरीव रबराचे असत आणि खडबडीत रस्त्यावर स्वाराची हाडे खिळखिळी होत.

म्हणजे पाहा, जे यंत्र विलायतेतच अजून रांगत होते, ते आपल्या देशातील एका तरुण शिक्षकाने ओळखले आणि त्यात आपल्या उद्योगाचे बीज पाहिले. १८८८ हेच साल किर्लोस्कर आपल्या उद्योगाचे जन्मवर्ष मानतात. मुंबईत लक्ष्मणराव सायकली खरेदी करीत व बेळगावास पाठवीत. बेळगावात रामुअण्णा त्या विकीत आणि विकत घेणाऱ्याला त्यावर बसण्यासही शिकवीत. दुकानावर किर्लोस्कर ब्रदर्स असे नाव लागले. बेळगाव हे लष्करी छावणीचे आणि सरकारी कचेऱ्यांचे गाव. गिऱ्हाईक मुख्यतः अधिकारी, वकील आणि सुखवस्तू मंडळी. कोट-टोपी घातलेले गृहस्थ रामुअण्णांच्या आधाराने झोकांड्या खात चालले आहेत, हे दृश्य बेळगावकरांना चांगलेच करमणुकीचे झाले असेल.

विक्रीइतकेच दुरुस्तीचे काम त्या दुकानात महत्त्वाचे होते, आणि ते का, हे सहज समजण्यासारखे आहे. सायकल बोटीने येई, तिचे सुटे भागही बोटीनेच येत. एखादा कोन झिजला किंवा तार तुटली तर नवा भाग येईपर्यंत गिऱ्हाईक किती दिवस वाट पाहणार? ज्याला मोडके यंत्र पुन्हा चालते करता येते, त्यालाच असले यंत्र विकण्याचा धंदा साधतो.

येथे थोडे विषयांतर करून सायकलीच्या चाकाविषयी लिहितो, कारण या दुरुस्तीत बुद्धीचे काम किती आहे हे एरवी ध्यानात येत नाही. चाकाची रिम पातळ पत्र्याची असते. मनुष्याचा सारा भार ती एकटी पेलूच शकत नाही. मधल्या हबपासून निघालेल्या तारा तिला चहूकडून आपल्याकडे ओढून धरतात. काही तारा उजव्या अंगाने ओढतात, काही डाव्या. दोन्हींची ओढ समतोल असेल तोवर चाक सरळ फिरते. एक तार सैल पडली की रिम त्या ठिकाणी विरुद्ध बाजूस झुकते आणि चाक लहरत चालते. कारागीर यालाच चाक आउट झाले असे म्हणतात. हा आउट काढण्यासाठी चाक अधांतरी फिरवून रिमच्या कडेला खडू टेकवितात. रिम जेथे उजवीकडे झुकली असेल तेथे उजवीकडचा खडू लागतो. मग त्या जागच्या डाव्या तारा पाव फेरा आवळावयाच्या आणि उजव्या पाव फेरा सैल करावयाच्या. घाई करून एकदम पुरा फेरा दिला तर दोष पुढे सरकतो आणि पूर्वीपेक्षा वाढतो. छर्ऱ्यांचेही तसेच आहे. कोन फार आवळला तर चाक जड फिरते आणि छर्रे कप खातात. सैल ठेवला तर चाक डुगडुगते. हाताला जे अंतर कळावे लागते ते केसाएवढे असते. भूमितीच्या तासाला वर्तुळाचा मध्य आणि त्रिज्या पाठ करणाऱ्या मुलाने एकदा हा उद्योग करून पाहावा, अशी आमची शिफारस आहे.

अशा कामाने मनुष्याला आणखीही एक गोष्ट कळते. परदेशातून आलेले यंत्र मंत्राने चालत नाही. ते मनुष्यानेच जोडलेले असते, म्हणून मनुष्याला ते उघडताही येते, आणि जे उघडता येते ते नव्याने बनविताही येते. लक्ष्मणरावांच्या पुढील साऱ्या आयुष्याची किल्ली आम्हांस येथे दिसते.

मुंबईची नोकरी सुमारे दहा वर्षे चालली. शिक्षक म्हणून त्यांचे काम चोख होते आणि बढतीची जागाही रिकामी झाली होती. पण ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास भावाकडे आले. त्या काळी सरकारमान्य संस्थेतील पगार सोडून सायकलीच्या दुकानात बसणे, यास नातलगांनी काय म्हटले असेल, याची कल्पना आजही कोणत्याही मध्यमवर्गीय घरात करता येईल.

बेळगावात दोघा भावांनी सायकलीबरोबर पवनचक्क्या विकून पाहिल्या. पुढे एक लहान लेथ, छिद्रे पाडण्याचे यंत्र, सहाण आणि एक लहानसे इंजिन एवढ्या सामग्रीवर कारखाना उभा राहिला. लक्ष्मणराव अमेरिकेतून येणारी यंत्रविद्येची मासिके वाचीत. शिक्षण देणारा दुसरा कोणी नव्हता. जवळपास तसा कारखानाच नव्हता. प्रथम निघाले ते कडबा कापण्याचे यंत्र, आणि मग लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, तरी तिच्यातील दोन वर्षांचा काळ विसरू नये. आपला लाकडी नांगर माती उकरतो. लोखंडी नांगर तिला उलथून टाकतो, तणांची मुळे वर येतात आणि पावसाचे पाणी खोल मुरते. असे असूनही शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी समजूत होती. सुमारे दोन वर्षे तयार नांगर पडून राहिले. कारखान्यात भांडवल अडकलेले, घरी मुलेबाळे, आणि माल हलत नाही. या काळात त्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून दोष देण्यात वेळ घालविला नाही. नांगराचे लोखंड आपल्या जमिनीला पुरते की नाही, हे त्यांनी पुन्हा तपासले. ओतीव लोखंडाचा कठीणपणा कसा वाढवावा याचा ग्रंथांतून अभ्यास केला आणि फाळ सुधारला. जो नांगर विकला गेला नाही त्यात काय उणे आहे, ही शंका स्वतःच्या कामाविषयी घेणे फार अवघड असते. सायकलीचे चाक लहरते तेव्हा दुरुस्त करणारा रस्त्याला नावे ठेवीत नाही, तारांकडे पाहतो. लक्ष्मणरावांनी नांगराकडे तसेच पाहिले. हळूहळू नांगर खपू लागले.

एवढ्यात दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा घेतली आणि १९१० च्या आरंभी बिऱ्हाड हलविण्याची वेळ आली. यंत्रे उचलून न्यावी तर कोठे? त्या आधी औंधच्या संस्थानात यमाईच्या देवळाचा सभामंडप बांधण्याचे काम लक्ष्मणरावांनी केले होते, त्यामुळे तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा परिचय होता. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार. एका चित्रकाराने दुसऱ्या, रंग न दिसणाऱ्या चित्रकारास आसरा दिला, असे म्हटले तर ते केवळ चमत्कृतीचे वाक्य होणार नाही. पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड नावाच्या लहान रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली आणि कर्जही दिले.

जमीन कसली, माळरानच ते. निवडुंग, दगड, साप आणि पाण्याची वाण. १९१० च्या मार्चमध्ये तेथे जी मंडळी उतरली, त्यांत कामगार होते, त्यांच्या बायका व लेकरे होती. राधाबाई किर्लोस्करांनी तेथे संसार मांडला तो अपुऱ्या छपराखाली. पुरुषांच्या चरित्रात अशा गृहिणींना एक ओळ मिळते. आम्हीही त्याहून अधिक जागा देऊ शकत नाही, याची खंत वाटते. वस्तीची आखणी व व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली. रस्ते निघाले, विहिरी झाल्या, शाळा सुरू झाली आणि त्या माळाला किर्लोस्करवाडी असे नाव पडले. आता ती वाडी सांगली जिल्ह्यात आहे आणि रेल्वे स्थानकाचेही तेच नाव आहे.

त्या वाडीचे दोन नियम आम्हांस यंत्रांपेक्षाही मोठे वाटतात. तेथे अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा पहिला. दुसरा लिहिलेला नियम नव्हे, वागणूक होती. गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून आलेली, गावाने टाकलेली माणसे लक्ष्मणरावांनी कामावर घेतली आणि त्यांच्यापैकी काहींच्या हाती चक्क राखणीचे काम दिले. ज्यांच्यापासून मालमत्ता राखावयाची, तेच राखणदार! पण हा विश्वास वाया गेला नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ नंतर, परदेशाहून येणारे लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाला. नांगराला मागणी वाढत होती आणि ओतण्यास लोखंड मिळत नव्हते. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. गडावर गंजत पडलेले लोखंड शेतात चालू लागले. जुन्या सामानातून नवे काम काढणाऱ्या आमच्या बालमित्रांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण इतके मोठे भंगार आणि इतका चांगला उपयोग क्वचितच एकत्र येतात.

पुढील हकीगत आम्ही भराभर सांगतो. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप, लोखंडी सामान असा मालाचा विस्तार झाला. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढले. त्यातूनच किर्लोस्कर मासिक झाले, आणि पुढे स्त्री व मनोहर ही भावंडे निघाली. आज वयस्क असलेल्या पुष्कळ वाचकांनी या अंकांसाठी पोस्टमनची वाट पाहिली असेल. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स येथील प्रसिद्ध संस्थेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परतले. त्यानंतर हरिहर, बंगळूर व पुण्याजवळ खडकी येथे कारखाने निघाले. एका दुकानातून एवढा पसारा झाला खरा, पण चरित्राचे मर्म त्या पसाऱ्यात नाही, म्हणून त्याची यादी वाढवीत नाही.

सुरतेतल्या आमच्या पालकांना यात एक परिचयाची गोष्ट सापडेल. येथल्या यंत्रमागांवर काम करणारा कारागीर मागाच्या नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखतो. ही विद्या त्याने कोणत्याही पदवीसाठी मिळविलेली नसते. त्याचा मुलगा शाळेत येतो आणि पुस्तक वाचतो. लक्ष्मणरावांच्या ठिकाणी ही दोन्ही माणसे एकच होती. दिवसा फळ्यावर आकृती काढणारा मास्तर सायंकाळी तेलकट हातांनी यंत्राशी झटे, आणि रात्री दूरदेशीच्या मासिकात त्याच यंत्राविषयी वाची. आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरांस हे कबूल करणे भाग आहे की आमच्या शाळांनी हे तिन्ही वेगळे पाडले. पांडेसऱ्याच्या एखाद्या खोलीत मुलगा तारेची ओढ हाताने अजमावीत असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला बलांचा समतोल हा धडा परका वाटतो. त्याला कोणी सांगतच नाही की तो धडा त्याने काल सोडविला आहे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. बेळगावात ज्या रस्त्यावर दोघा भावांचे सायकलीचे दुकान होते, त्या गजबजलेल्या बाजारपेठेतल्या रस्त्यास किर्लोस्कर रोड असे नाव आहे.